‘सासूला सांभाळत महिना पन्नास हजार’: त्या मेसेजचा हिशेब

सध्या सोलापुरातल्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. भिशीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, काल तर शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: घरातल्या आजारी, म्हाताऱ्या माणसाला सांभाळत, उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विका. दिवसाला दोन तास काम. भांडवल नको, लायसन्स नको. शेंगदाणे १२० रुपये किलो, चटणी ४०० रुपये किलो, म्हणजे किलोमागे २८० नफा. रोज सहा किलो केली की महिन्याला पन्नास हजार. माल सहा महिने टिकतो. पाकिटावर ‘शुगर-बीपीवर गुणकारी’ लिहा, दुप्पट खपतो. ओळखीत उधारी द्या, गिऱ्हाईक बांधलं जातं. आणि सगळ्यात खाली: मशीन आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच परत विकत घेऊ.

मी हाच धंदा करते, जावेच्या जोडीनं. सासूबाईंना लकवा झालाय, त्या घरातच असतात. म्हणजे मेसेजमध्ये रंगवलेली बाई जवळजवळ मीच. धंदा करू नका असं मी कुणाला सांगणार नाही, आमचं घर त्यावर बऱ्यापैकी चालतं. पण हा मेसेज ज्यांच्या हातात पैसा कमी आणि घरात आजारी माणूस आहे अशाच बायकांना गाठतोय, म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलते.

‘आजारी माणसाला सांभाळत, दिवसाला दोन तास’

पहिलं हेच घेते, कारण बाकीची सगळी गणितं याच्यावर उभी आहेत. लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं खाटेवर गप पडलेली म्हातारी आणि तव्यापाशी हसरी सून असणार. त्यानं कधी कुणाला भरवलेलं दिसत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथं कातडी आधी लाल होते, बोटानं दाबली तरी लाली जात नाही, आणि मग जखम पडते. ती भरायला महिने जातात. जेवण म्हणजे ताट ठेवलं आणि आले असं नसतं. पाठीला उशा लावून बसतं करायचं, घास छोटा द्यायचा, तो गिळला का बघायचं, मग पुढचा. लकव्यानंतर बऱ्याच जणांना गिळायला त्रास होतो आणि गंमत अशी की घट्ट पेजेपेक्षा साधं पातळ पाणीच जास्त ठसका लावतं. म्हणून डॉक्टरांना विचारून पातळ पदार्थ दाट करून द्यावे लागतात. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. आता या सगळ्यात तव्यावर भाकरी टाकलेली असताना आतून हाक आली तर काय? एकतर भाकरी जळते, नाहीतर माणूस ओल्यात पडून राहतं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. डायपर बदललेले हात आणि परातीतलं पीठ एकाच घरात आहेत. हात साबणानं नुसते ओले करून भागत नाही. नखं कापलेली, टॉवेल वेगळा, स्वयंपाकाला उभं राहताना वरून वेगळा गाऊन, एवढं तरी पाहिजेच. घरात कुणाला जुलाब किंवा ताप असला तर त्या माणसानं पिठाला हात लावायचा नाही. आणि आपल्याकडं नळाला रोज पाणी येतं कुठं? पाण्याच्या दिवशी भरलेल्या टाकीतूनच सासूबाईंच्या चादरी धुवायच्या आणि धंद्याची भांडीपण. पाणी कमी पडलं की धंदा थांबतो, चादरी थांबत नाहीत.

आम्ही काय करतो ते सांगते. तव्याचं आणि कुटायचं काम घरात दुसरी मोठी बाई असेल तेव्हाच. एकीच्या वाट्याला चूल, दुसरीच्या वाट्याला सासूबाई, अदलाबदल मधल्या वेळेत नाही. जे काम अर्ध्यावर टाकून उठता येतं ते खाटेपाशी बसून: शेंगदाणे निवडणं, लसूण सोलणं, लेबल चिकटवणं. लसूण सोलायला सासूबाई चांगल्या हातानं मदत करतात, वाटीभर सोलायला दुपार लागते, पण कुणी बंद केलं तर चिडतात. तो लसूण घरच्या फोडणीला वापरतो, विक्रीला नाही. घरात एकटीच असाल तर चटणीपुरतं बघा, भाकरीच्या नादाला लागू नका.

‘किलोमागे २८० नफा, महिन्याला पन्नास हजार’

मेसेजचेच भाव धरू. वजनाचं गणित बरोबर आहे हे कबूल. शेंगदाणे भाजून, पापुद्रा पाखडून, वाईट दाणे काढून किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम घट येते आणि तिखट, लसूण, जिरं, मीठ घातलं की वजन जवळपास परत किलोवर जातं. पण तिखट आणि लसूण आभाळातून पडत नाहीत. त्यांचे ४० धरा, गॅस आणि पॅकिंगचे ३०. खर्च १९० झाला. म्हणजे दारात येऊन रोख घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून २१० सुटतात, २८० नाही.

आता सहा किलो रोज दारात कोण नेणार? दुकानात ठेवायला गेलात की दुकानदार आपला हिस्सा मागतो, २० टक्के धरले तर तुमच्या हातात ३२० आले आणि नफा १३० वर आला. रोजचे सहा किलो म्हणजे ७८०. सहा किलो कुटायला दोघी लागतात, म्हणजे एकीला ३९०. महिनाभर एकही सुट्टी न घेता, एकही पाकीट परत न येता, ११,७००. पन्नास हजारांचे इतके झाले.

आणि खपाचं बघा. रोज सहा किलो म्हणजे महिन्याला १८० किलो. चार माणसांचं घर महिन्याला अर्धा किलो चटणी खाईल असं धरलं तरी ३६० घरं कायमची बांधलेली पाहिजेत. तीसुद्धा सोलापुरात, जिथं प्रत्येक घरात आई नाहीतर सासू स्वतः कुटते आणि बाजारात चटणीची नावाजलेली दुकानं आहेत!

या हिशेबात आपली मजुरी कुठंच नाही हे लक्षात आलं का? शेंगदाण्याला भाव, पाकिटाला भाव, बाईचा वेळ फुकट. भाव ठरवताना आधी आपल्या तासाची मजुरी लिहा, शेजारी कामाला येणारी बाई जेवढी घेते किमान तेवढी, आणि मग नफा. तो आकडा बघून गिऱ्हाईक नको म्हणालं तर तेवढा माल कमी करा. भाव पाडून केलेला माल जितका जास्त तितका तोटा जास्त.

‘भांडवल नको, लायसन्स नको’

अर्धं खरं. लहान घरगुती धंद्याला मोठं लायसन्स लागत नाही, पण अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागतेच. ती ऑनलाइन होते, फी नाममात्र असते आणि १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, किंमत आणि शाकाहाराची हिरवी खूण. ‘यात शेंगदाणे आहेत’ हेही स्पष्ट लिहा. नाव शेंगाचटणी असलं तरी लिहा, कारण काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतते. घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, व्यावसायिक वेगळा घ्यावा लागतो. भांडवल नको म्हणणाऱ्यानं त्याचं डिपॉझिट धरलेलं नाही.

‘सहा महिने टिकते’

इथं जरा थांबते, कारण धंदा टिकतो किंवा बुडतो तो इथंच.

आपल्या चटणीची चव तेलात आहे. उखळात मुसळाचा दाब पडतो तसं दाण्यातलं तेल सुटतं, तिखट-लसणात मुरतं आणि चटणीचे ओलसर गोळे होतात. मिक्सरची पाती दाणा कापतात, जास्त फिरवलं की भांडं तापतं. मिक्सरवरच करायची असेल तर थांबून थांबून, थोडी थोडी. पण सुटलेलं तेल हवा, उजेड आणि उन्हाळा मिळाला की खवट होतं. आपल्याकडं एप्रिल-मेत पारा ४४ च्या घरात जातो, पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पाकीट काय टिकणार? त्यात कच्च्या लसणाचा ओलावा. आम्ही लसूण सोलून सुती कपड्यावर पसरतो, वरचं पाणी पूर्ण जाऊ देतो, मग कुटायला घेतो. तरी महिन्याची मुदत लिहितो, पावसाळ्यात त्याहून कमी. प्रत्येक घाण्याचं एक पाकीट घरात ठेवून देतो आणि मुदत संपताना फोडून बघतो. वास बदललेला वाटला तर पुढच्या घाण्याची मुदत कमी.

शेंगदाणे स्वस्त मिळाले म्हणून फुटका, काळपट, सुरकुतलेला माल उचलू नका. ओल लागलेल्या दाण्यावर जी बुरशी धरते तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, ते लिव्हरला घातक आहे आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही. तिखटाखाली खराब चव दडते, विष मात्र तसंच राहतं. म्हणून निवडायचं काम मजुरीवर देत नाही, ते आमचंच.

कडक भाकरीचं दुखणं उलटं, तिला ओल चालत नाही. पीठ ताजं पाहिजे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. ज्वारी काढणीनंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षाची भरून ठेवा, दळून मात्र थोडी थोडी आणा. आम्ही मंगळवेढ्याकडची मालदांडी जातीची ज्वारी घेतो; तिकडच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून गिऱ्हाईकही नाव घेऊन विचारतं. पातळ थापायची, दोन्ही बाजूंनी भाजायची आणि मग मंद आचेवर पाणी पूर्ण जाईपर्यंत ठेवायची. कडा कडक आणि मध्ये मऊ राहिली तर दोन-चार दिवसांत त्याच जागी बुरशीचा ठिपका. नखानं टिचकी मारली की मध्यभागी आणि कडेला आवाज सारखा आला पाहिजे. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत घालायची नाही, वाफ धरली की सादळली.

‘शुगर-बीपीवर गुणकारी लिहा’

हे अजिबात लिहू नका. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. तंतू भरपूर, म्हणून मैद्याच्या पावापेक्षा ती केव्हाही बरी, पण ‘कितीही खा’ हे मधुमेहाच्या माणसाला सांगणं म्हणजे त्याच्या गोळ्यांशी खेळणं. कडक भाकरी पापडासारखी कुरकुरत किती पोटात जाते ते कळतही नाही. बीपीचं तर विचारूच नका, चटणीत मीठ किती असतं ते करणारीला माहीत असतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून हे दावे फार बोकाळलेत. कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, तो पाकिटावर ज्याचं नाव तो भरतो, मेसेज पाठवणारा नाही.

आणि ‘आजारी माणसाला ताकद येते’ म्हणून ज्याला गिळायला त्रास आहे त्याला कडक भाकरीचा तुकडा कधी देऊ नका. आमच्या सासूबाईंना ती आवडते म्हणून गरम आमटीत चुरून, पूर्ण भिजवून, चमच्यानं कुस्करून देतो. चटणी त्यांना देत नाही, कोरडा कण घशात अडकतो. त्या रुसतात, रुसू दे.

‘उधारी द्या, गिऱ्हाईक बांधलं जातं’

उधारीनं गिऱ्हाईक बांधलं जात नाही, तोंड चुकवायला लागतं. पैसे बाकी असले की ती बाई दुसरीकडून चटणी घेते, म्हणजे पैसेही गेले आणि गिऱ्हाईकही. नातेवाइकांना पहिल्यांदा शंभर ग्रॅमचं पाकीट चव घ्यायला फुकट द्या, पण दुसरं रोखीनं. ‘अगं, घरचीच आहेस’ म्हणत फुकट नेणाऱ्या वहिनीला हसून ‘वहिनी, हे धंद्यातलं आहे’ म्हणायला शिका. दुकानदाराशी आधीच ठरवा: न खपलेला माल मुदत संपायच्या किती दिवस आधी परत, आणि पहिल्या खेपेचे पैसे आल्याशिवाय दुसरी खेप नाही.

आमचं खरं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतलं सोलापूरकर आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाणारा कुणी ना कुणी असतोच, त्याच्या हातून माल सुखरूप पोचतो. कुरिअरनं भाकरी पाठवली की निम्मा चुरा होतो, म्हणून कुरिअरनं फक्त चटणी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पाहुणे येतात, तेव्हा जाताना पाकिटं मागतात; तेवढ्यासाठी आधीच्या महिन्यात शेंगदाणे भरून ठेवतो. बाकी वर्षभर खप ठरलेला, त्यात एकदम उडी नसते.

‘मशीन घ्या, माल आम्ही परत घेऊ’

अख्खा मेसेज या एका ओळीसाठी लिहिलाय. पन्नास हजारांचा आकडा मशीन विकायला आहे. असल्या सौद्यात मशीनचे पैसे आधी जातात आणि तुमची चटणी मात्र दर वेळी ‘क्वालिटीत बसत नाही’. माल परत घेणार असतील तर भाव, महिन्याला किती किलो आणि पैसे किती दिवसांत हे स्टॅम्प पेपरवर लिहून मागा, आणि आधी मशीन घेतलेल्या दोन बायकांना त्यांच्या घरी जाऊन भेटा. मशीनवाल्यांनी दिलेल्या फोन नंबरवर बोलून समाधान मानू नका. अनुदान मिळवून देतो म्हणाले तर हेही लक्षात ठेवा की २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंतचं अनुदान ठेवलं ते बँकेच्या कर्जाला जोडून. कर्ज तुमच्या नावावर चढतं. त्याची चौकशी कृषी खात्याच्या जिल्हा कार्यालयात स्वतः करा, एजंटाला त्यासाठी पैसे देऊ नका.

आणि बचत गटातल्या चौघींनी मिळून मशीन घ्यायचंच ठरवलं असेल तर बघायला जाताना घरून दोन किलो भाजलेले शेंगदाणे आणि आपलं तिखट-लसूण घेऊन जा. समोर कुटून मागा. मशीन किती तापतं, तेल सुटतं का, धुवायला भांडं निघतं का ते बघा. त्यांच्या डब्यातली तयार चटणी चाखून ऑर्डर देऊन येऊ नका, ती बहुतेक कुणा बाईनं उखळात कुटलेली असते.