एवढ्याशाला रिक्षा?

परवा सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं कोल्हापुरात उतरलो. हातात दोन बॅगा, काखेत मिक्सरचा खोका. स्टँडवर सोडा म्हटल्यावर रिक्षावाल्यानं आधी बॅगा पाहिल्या, मग माझं पोट पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्याशाला रिक्षा? चालत जावा की साहेब, तब्येतीला बरं." शेजारच्या रिक्षातला मान हलवून हसला. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही.

तसं अंतर थोडंच, हे मान्य. पण ते नकाशावर. जमिनीवर फूटपाथ दुचाक्यांनी अडवलेला, त्यातून उरलेल्या जागेत हातगाडी, आणि खाली उतरावं तर मागून वडापवाल्याचा, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खाजगी गाडीवाल्याचा, हॉर्न. कोल्हापूर संस्थानानं 1891 साली मिरजेपासून इथवर रेल्वे आणली. त्यापुढचा हा तुकडा अजून कुणी आणलेला नाही. तो ज्याचा त्यानं खांद्यावरून आणायचा.

घामाघूम होऊन सिटी बसच्या थांब्यावर पोचलो. बाकावर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा मधोमध बसले होते.

"फुलेवाडीची बस कधी आहे हो?"

"आत्ताच गेली."

"आत्ता म्हणजे?"

"मघाशी."

"पुढची?"

"येईल की. बसा निवांत." असं म्हणून ते बोटभर सरकले. माझा खोका बसला, मी उभा राहिलो.

तेवढ्यात एक बस आली. मी पुढं धावणार, तर आजोबांनी डोळे मिटूनच हात वर केला. "ती न्हवं तुमची. हिचा आवाज येगळा हाय. ही गंगावेशला जाती." एक बाई विचारायला आल्या, त्यांना त्यांनी परस्पर रस्त्यापलीकडं धाडलं. कॉलेजचा एक पोरगा आला, त्याला उतरून कुठं वळायचं तेही सांगितलं. मला हेवा वाटला.

"तुम्ही रोज जाता का बसनं?"

"मी? छ्या! पोरगा कामावर जाताना गाडीवरनं सोडतोय, दुपारी नेतोय. घरात बसून काय करायचं? हितं माणसं बघायला मिळत्यात."

म्हणजे शहरात वेळापत्रक ज्याला पाठ आहे, त्याला बसनं कुठंच जायचं नाही.

मग चौकशी सुरू झाली. गाव कुठलं, आडनाव काय, मामा कुठले. मामाचं गाव ऐकताच आजोबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे तुम्ही आमचं पावणंच की वो!" त्यांच्या धाकट्या मेव्हणीच्या जावेपासून धागा निघाला आणि माझ्या मामीपर्यंत येऊन गाठ बसणार, तोच एक बस आली, थांबल्यासारखं केलं आणि गेली.

"ती बघा," आजोबा शांतपणे म्हणाले, "तुमचीच हुती."

आता सगळीकडं 'हब' नावाचा शब्द ऐकू येतो. रेल्वे, बस, रिक्षा, भाड्याची सायकल सगळं एका जागी, मधे सावली, बसायला जागा आणि पुढची गाडी कधी ते सांगणारा फलक. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरानं 2003 सालापासून असे ठिय्ये उभे केले, पुढं तर गल्लीबोळांत मावतील असे लहान लहानही. आपल्याकडं हब म्हटलं की आधी इमारत, तिच्यात गाळे आणि गाळ्यांवरून भांडण. वास्तविक कोल्हापूरला अर्धं हब फुकटातच मिळालंय. रेल्वे स्टेशन, एस.टी.चं मध्यवर्ती स्टँड आणि सिटी बस हाकेच्या अंतरावर. फक्त हाक कुणी कुणाला देत नाही. रेल्वेला एस.टी. ठाऊक नाही, एस.टी.ला सिटी बस ठाऊक नाही. 2023 पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं. पण उतरल्यावर कडेवर पोर घेऊन हा रस्ता ओलांडायचा कसा, याला कसली सवलत नाही. पावसाळ्यात रेल्वेच्या परीख पुलाखाली पाणी साठलं की रुळांपलीकडची राजारामपुरी तर परमुलूखच होते. खाजगी बसवाले पहाटेच्या अंधारात हायवेला तावडे हॉटेलपाशी उतरवतात, तिथनं पुढं माणूस आणि त्याचं नशीब. याच्यासाठी काही कोट्यवधी लागत नाहीत. एक सलग फूटपाथ, एक छप्पर आणि खरी वेळ लिहिलेली एक पाटी. पण पाटीचं उद्घाटन करायला कोण येणार?

खरं नियोजन या शहरात एकट्या वडापवाल्यानं केलंय. माणूस जिथं उतरतो तिथं तो उभा असतो, कुठं जाणार ते बेंबीच्या देठापासून ओरडून सांगतो आणि म्हाताऱ्यांना हात धरून चढवतो. नियमात बसत नाही म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, आणि नियमात बसणाऱ्या बसची वाट बघत बसतो.

शेवटी त्याच्याच गाडीत शिरलो. "खोक्याचं एक शीट धरावं लागंल," तो म्हणाला. मी मुकाट्यानं दोघांचे पैसे दिले. पुढच्या चौकात त्यानं खोक्याच्या जागेवर आणखी एक माणूस बसवला आणि खोका माझ्या मांडीवर ठेवला.

"पैसे दिलेत मी त्याचे!"

"व्हय की," तो गिअर टाकत म्हणाला, "म्हणून तर टपावर न्हाई टाकला."