पालम शेवटी ठेवलं, ही माझीच चूक

ताई, नमस्कार.

ग्वाल्हेर ते दिल्ली या आमच्या एक दिवसाच्या सहलीबद्दल तुम्ही अभिप्रायात लिहिलेलं सगळं वाचलं. जाहिरातीत सगळ्यात वर पालमचं वायुसेना संग्रहालय आणि प्रत्यक्षात तिथे चाळीस मिनिटं. जेवण तीन वाजता. सासरेबुवा नॅट या छोट्या लढाऊ विमानापाशी पोहोचतात न पोहोचतात तोच आमच्या बसवरच्या मुलाची शिट्टी आणि ‘चला, चला’. मुलांना काय पाहायचं तेच कळलं नाही, त्यांच्या लेखी नुसती जुनी विमानं ओळीनं उभी. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी मला स्वतः तिथे जाऊन यायचं होतं.

सुरुवात चुकीपासून करते. त्या रविवारी धुकं होतं हे खरं. हिवाळ्यात यमुना एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा उतरवतात, त्यामुळे पहाटे तीनला ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरून निघालेली बस दिल्लीत दोन तास उशिरा पोहोचली. पण धुक्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही. बस वेळेवर पोहोचली असती तरी पालम शेवटीच होतं, कारण कागदावर क्रम मीच तसा छापला होता: आधी कुतुब, मग जेवण, मग रेल्वे संग्रहालय, मग पालम. सकाळच्या उन्हात कुतुबमिनारचे फोटो छान येतात आणि त्या फोटोंवर पुढच्या सहलीची बुकिंगं येतात, एवढाच विचार त्यामागे होता. पालम पाच वाजता बंद होतं. कुतुब संध्याकाळीही पाहता येतो. हे ठाऊक असून मी उलटं केलं.

शिट्टीबद्दल. तो मुलगा बावीस वर्षांचा आहे, हातात माझाच कागद होता आणि पुढे परतीचा सहा-सात तासांचा रस्ता. तरीही ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या पाठीमागे शिट्टी वाजवणं मला सहन झालेलं नाही. त्याने आजोबांना फोन करून माफी मागितली आहे, तुम्हाला कळलंच असेल. शिट्टी आता आमच्या सामानातून गेली.

त्याच फोनवर मीही आजोबांशी बोलले. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. 1965 साली ते फिटर म्हणून नॅटवर काम करत होते, हे मला तेव्हा कळलं. आधी विचारलं असतं तर आधी कळलं असतं. त्यांनी सांगितलं, नॅटला हवेत वेग कमी करणारे वेगळे एअरब्रेक नव्हते, चाकं थोडी बाहेर काढायची की तीच ब्रेकचं काम करायची. त्या चाकांच्या झडपांची देखभाल त्यांच्याकडे होती. मग हळूच विचारलं, “पोरी, पोटाखाली वाकून बघू देतात का गं?”

म्हणून परवाच्या बुधवारी मी सासूबाईंना घेऊन पालमला गेले. त्या काठी टेकत चालतात, त्यांच्या चालीनं किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. सावकाश, बसत-उठत, तीन तास. तुम्हाला मी चाळीस मिनिटं दिली होती. आणि नॅट पाहिलं. दोन्ही पंख धरून रुंदी सात मीटरसुद्धा नाही, आपल्या मिनीबसच्या लांबीएवढी. एवढ्याशा यंत्रानं 1965 च्या लढाईत पाकिस्तानची सेबर विमानं पाडली. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरच्या आकाशात निर्मलजितसिंग सेखों याच नॅटमध्ये एकटे अनेक सेबरांशी लढले. वायुसेनेला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. मी खाली वाकून पाहिलं, ताई. चाकांच्या झडपा दिसतात.

‘नुसती जुनी विमानं’ हे मात्र मान्य करता येत नाही, आणि यातही दोष मुलांचा नाही, सांगणारं कोणी नव्हतं त्याचा आहे. आपल्या डोक्यावरून महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरची मिराज लढाऊ विमानं गेली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली पोरं गच्चीवर धावतात. त्या मिराज उडवणाऱ्या स्क्वाड्रनांपैकी, म्हणजे विमानांच्या तुकड्यांपैकी, एक म्हणजे वायुसेनेची पहिली स्क्वाड्रन. 1 एप्रिल 1933 ला कराचीत ती उभी राहिली तेव्हा तिच्याकडे चार वापिती विमानं होती, दोन पंखांची, कापड ताणून केलेली. तसलं वापिती पालमला आहे. त्याच्यासमोर उभं करून मुलांना एवढंच सांगायचं होतं की ही आपल्या गावातल्या मिराजची पणजी. तिथेच अमेरिकी लिबरेटर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली ही बॉम्बर आपल्या एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या लोकांनी पुन्हा उडती केली आणि वायुसेनेनं 1968 पर्यंत वापरली. जपान्यांचं आत्मघाती ओहका विमान आहे. भारतातच बनलेलं मारुत लढाऊ विमान आहे, पहिलं उड्डाण 17 जून 1961. या सगळ्यावर मी आता मराठीत चार पानं लिहून काढली आहेत, ती बसमध्येच वाचून दाखवू.

जेवणाचं म्हणाल तर ते सहलीच्या पैशात नव्हतं, नोंदणीच्या पावतीवर तसं छापलेलं आहे. एवढ्या एका मुद्द्यावर आपलं जमत नाही. पण लहान मुलांना तीनपर्यंत उपाशी ठेवायला नको होतं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुम्ही सुचवलंत की एक मुक्काम ठेवा. काहींना परवडेल, पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांना एकच रविवार मोकळा असतो. शिवाय पालम सोमवारी आणि मंगळवारी बंद, रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद, म्हणजे रविवारी रात्री राहून हाती कुतुबच उरतो. शनिवार-रविवार मुक्काम जमतो, ती सहल वेगळी काढतोय.

एक दिवसाची सहल आता अशी: ग्वाल्हेरहून थेट पालम, दहाला दार उघडताना आपण तिथे. एकपर्यंत तिथून कोणी हलवणार नाही. मग जेवण. त्यानंतर कुतुब किंवा रेल्वे संग्रहालय, दोन्ही नाही. बुकिंग करतानाच विचारून बहुमतानं ठरवू. मुलं जास्त असतील तर मी रेल्वेच्या बाजूनं बोलेन. पतियाळाची वाफेवरची मोनोरेल त्यांना दुसरीकडे कुठे दिसणार, आणि आपली श्योपूरची छोटी गाडी बंद झाल्यापासून इथल्या मुलांना वाफेचं इंजिन तर सोडाच, नॅरोगेजचा रूळही ठाऊक नाही. बस उशिरा पोहोचली तर दुपारचं ठिकाण गाळू, पालम गाळणार नाही, आणि हे पावतीवर लिहून देऊ. डिसेंबर-जानेवारीत बसनं ही सहल काढणंच बंद करतेय. धुक्यात पहाटे तीनला चाळीस माणसं रस्त्यावर घालून वेळ गाठायची घाई करणं बरं नव्हे.

आजोबांचे पूर्ण आणि तुम्हा बाकीच्या चौघांचे अर्धे पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परवा सकाळी पाठवते. अभिप्रायात दिलेल्या तारा बदला असं मी म्हणणार नाही, ज्या दिवसाबद्दल तुम्ही लिहिलंत तो तसाच होता.

फेब्रुवारीअखेरच्या सहलीत आजोबांसाठी पुढची, दाराजवळची जागा राखून ठेवली आहे, सोबत घरचं जे कोणी येईल त्याच्यासाठी शेजारची. दोन्हींचे पैसे घ्यायचे नाहीत. त्या दिवशी मी स्वतः बसमध्ये असेन. ओळखपत्र आणि चष्मा तेवढा बरोबर घ्यायला सांगा. नॅटपाशी बसायला घडीची खुर्ची मी आणते.