चीनला निघालात? तयारी-बियारी काही नको

आधी तारीख पक्की करा: 1 ऑक्टोबर. त्या दिवशी चीनचा राष्ट्रीय दिन, पुढे आठवडाभर सुट्टी, म्हणजे अख्खा देश फिरायला बाहेर. चीनची प्रसिद्ध भिंत बघायला बादालिंगला जाल, तर भिंत दिसणार नाही. पुढच्याची पाठ मात्र अगदी जवळून दिसेल. त्याच भिंतीच्या मुतियानयू भागात त्या मानाने गर्दी कमी, वर जायला केबल कार, उतरायला चक्क घसरगाडी. पण टूरवाल्याच्या पत्रकात बादालिंग छापलंय ना? मग विषय संपला.

फोनबाबत बेफिकीर राहा. गुगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब तिकडे बंद असतात, तेव्हा ही बंदी ओलांडायचं अ‍ॅप, म्हणजे व्हीपीएन, तिथे उतरल्यावरच घेऊ म्हणा. ज्या प्ले स्टोअरवरून ते घ्यायचं तेही गुगलचंच, हे विमानतळावर कळेल. भारतातलं सिम रोमिंगवर ठेवलं तर डेटा आपल्याकडच्या कंपनीमार्गे फिरतो आणि व्हॉट्सअ‍ॅप सुरळीत चालतं, पण पॅकला पैसे पडतात! त्यापेक्षा हॉटेलचं फुकट वायफाय बरं. फॅमिली ग्रुपवर ‘पोचलात का?’ विचारून विचारून दमतील आपोआप.

सिम काढून पाकिटात ठेवलंत की दुसरा फायदा. तिथे वाफाळलेले बाओझी, म्हणजे सारण भरलेले पाव, विकणाऱ्या गाड्यावरसुद्धा क्यूआर कोडच लटकलेला असतो. अलीपे या पैसे देण्याच्या अ‍ॅपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, मात्र जोडताना बँक ओटीपी पाठवते, तो भारतातल्या सिमवर. मग शंभर युआनची नोट पुढे करा. गाडीवाला नोटेकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि सुट्ट्या पैशांसाठी शेजारच्या गाड्यावर जाईल. भाव विचारल्यावर त्याने अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली तर खुशाल ‘दोन’ समजा. तिकडे ती आठाची खूण आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात त्याचा आणि अवलक्षण आपलं.

बीजिंगच्या फॉर्बिडन सिटीला, म्हणजे बादशहांच्या जुन्या राजवाड्याला, तर थेट जाऊन थडका. तिकीट पासपोर्ट नंबरवर, सात दिवस आधी ऑनलाइन सुटतं आणि रोज किती माणसं आत सोडायची तेही ठरलेलं असतं; तरी दारात एखादी खिडकी असेलच, या भरवशावर राहा. सोमवार निवडलात तर रांगेचाही त्रास नाही, कारण एरवी सोमवारी ती बंदच असते. टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगा, बहुधा तो उत्तरेच्या शेनवूमेन दाराशी सोडेल. त्या दारातून लोक फक्त बाहेर पडतात. आत शिरायचं ते दक्षिणेच्या वूमेनमधून. मध्ये 961 मीटर लांब राजवाडा, भोवती 52 मीटर रुंद खंदक. काखेत कळसा असूनही वळसा चुकत नाही, आणि वाटेत सुरक्षा तपासणीची रांग वेगळीच. ‘हरवायला नको’ म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवला असेल, तर त्याची आठवण या रांगेच्या टोकाला येते. झेरॉक्स कोणी विचारत नाही.

रेल्वेची मात्र सवय आहे आपल्याला! बीजिंग ते शांघाय 1,318 किलोमीटर, सुमारे साडेचार तास. टॅक्सीत बसून ‘बीजिंग स्टेशन’ एवढंच म्हणा. दक्षिण, पश्चिम, उत्तर, चाओयांग अशी बरीच स्टेशनं असताना नेमकं कुठलं, हा प्रश्न गाडी सुटताना पडू द्या. सुटण्याच्या काही मिनिटं आधी फलाटाचं गेट बंद होतं आणि ‘गाडी लेटच असणार’ हा आपला पिढीजात अनुभव तिथे उपयोगी पडत नाही.

जेवणाचं सोपं आहे. शाकाहारी असाल तर ‘रौ नको’ सांगा. रौ म्हणजे मांस, आणि नुसतं रौ म्हटलं की बहुधा डुकराचं. स्वयंपाकी प्रामाणिकपणे तुकडे बाजूला करेल. भाजी चरबीत परतलेली आणि रस्सा हाडांचा, त्याबद्दल तुम्ही काही बोललाच नव्हता. मापो टोफू, म्हणजे सोयाबीनच्या पनीराचा तिखट पदार्थ, बिनधास्त मागवा, त्यातला खिमा इतका बारीक असतो की दिसत नाही. ‘वो छ्ह सू’, म्हणजे मी शाकाहारी, हे तीन शब्द चिनी लिपीत लिहून जवळ ठेवलेत तर उगाच पोट भरेल. बौद्ध मठांच्या शाकाहारी खानावळींत परंपरेने कांदा-लसूणही चालत नाही, म्हणजे कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही सोय; पण तिकडे गेलात तर बरोबर नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचं काय करायचं?

शेवटी, हाँगकाँगला लागून असलेल्या शेन्झेनपर्यंत पोचलाच आहात तर एक दिवस हाँगकाँग करून या. व्हिसावर ‘एक प्रवेश’ लिहिलंय, पण हाँगकाँग चीनमध्येच की! सीमेवरचा अधिकारी मात्र तसं मानत नाही. तिकडे पाऊल टाकलं की मुख्य भूमीतून बाहेर पडलात आणि तो एक प्रवेश संपला. म्हणून मोठ्या बॅगा शेन्झेनच्या हॉटेलातच ठेवा, आणि परतीचं विमान मुख्य भूमीतल्याच ग्वांगझूहून घ्या.