दात सगळ्यांना आहेत, म्हणून पैसे लावायचे?

आज ग्रुपवर एकाने डेंटल उपकरणं बनवणाऱ्या एका नव्या कंपनीचं गुंतवणूकदारांसाठीचं प्रेझेंटेशन, म्हणजे डेक, टाकलं, खाली लिहिलं "दात सगळ्यांना असतात, मार्केट केवढं बघा!" आणि त्यावर भराभर अंगठे पडले. मी शेवटपर्यंत वाचलं. जगात माणसं किती, डेंटिस्ट किती, त्यातल्या एक टक्क्याने घेतलं तरी विक्री किती. पण ज्याच्या हातात ते यंत्र रोज असणार त्याच्याबद्दल एक ओळ नाही. डोकंच फिरलं.

माझी ताई डेंटिस्ट आहे. तिने एका नव्या कंपनीचा स्कॅनर घेतला होता, तोंडात फिरवला की दातांचं थ्रीडी चित्र तयार. डेमो झाला प्लास्टिकच्या जबड्यावर, त्याला ना लाळ, ना जीभ मधे येते, ना उलटीची भावना होते. खऱ्या पेशंटच्या अक्कलदाढेपर्यंत टिप, म्हणजे स्कॅनरचं तोंडात जाणारं टोक, पोचेना, काचेवर वाफ धरायची, मधेच स्कॅन तुटायचा की परत पहिल्यापासून. मग असिस्टंट गुपचूप जुन्या पद्धतीने माप घ्यायचा ट्रे आणून ठेवायला लागली. माझ्यासाठी त्या कंपनीचा खरा रिपोर्ट तो ट्रे आहे, विक्रीचे आकडे नाहीत. कारण कंपनीच्या हिशेबात ताईचा स्कॅनर "विकला गेला" होता!

या धंद्यात पैसा यंत्र एकदा विकण्यात फारसा नाही, तो त्यानंतर दर पेशंटमागे लागणाऱ्या टिप, अलायनर (दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे), स्क्रू, सॉफ्टवेअर यात आहे. यंत्र पडून राहिलं की टिप कोण घेणार? म्हणून किती विकली हे विचारू नका, विकलेल्या यंत्रामागे टिप किती जातात आणि दुसऱ्या वर्षी तो आकडा वाढतो की घटतो ते विचारा. डेकमध्ये हे नसेल तर मला तरी त्यात वाईटच बातमी दिसते.

आणि ते "एफडीए क्लिअर्ड", म्हणजे अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाची परवानगी, ठळक अक्षरात लिहिणं! अशी बहुतेक उपकरणं 510(के) या मार्गाने येतात, म्हणजे बाजारात आधीपासून असलेल्या यंत्राइतकं हे सुरक्षित आणि परिणामकारक आहे एवढंच दाखवायचं असतं. त्याच्याहून भारी आहे असं नाही. बायोलेज या डेंटल लेझर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या लेझरला दाताच्या कठीण भागासाठी 1998 मध्येच परवानगी मिळाली होती, यंत्र चालायचंही, तरी 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

हो, अलाइन टेक्नॉलॉजी 1997 मध्ये सुरू झाली तेव्हाही पारदर्शक प्लास्टिकने दात सरळ होतील यावर कितीतरी ऑर्थोडॉन्टिस्टचा, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचा, विश्वास नव्हता आणि पुढे ती केवढी झाली, मान्य. पण तिने डॉक्टरांना ट्रेनिंग दिलं, केस त्यांच्याच हातात ठेवली. स्माइलडायरेक्टक्लबने डॉक्टरची खुर्चीच वगळली, थेट घरी अलायनर. 2019 मध्ये 23 डॉलरला एक शेअर या भावाने आयपीओ, 2023 च्या डिसेंबरात कुलूप. ज्यांचे दात अर्धवट सरकले होते त्यांचं काय? उपचार थांबले, आयुष्यभराची हमी गेली आणि वर सांगितलं हप्ते भरत राहा. शेअर बुडाला तर बुडाला, पण माणसाचा जबडा मधेच सोडून जायचं? याचा राग माझा अजून गेलेला नाही.

ताईच्या स्कॅनरचं तेच झालं. कंपनी दुसऱ्या कोणीतरी घेतली, सॉफ्टवेअरचे अपडेट बंद, आणि फाइल त्यांच्याच फॉरमॅटमध्ये, लॅबला उघडेचना. साधी एसटीएल फाइल, म्हणजे कुठल्याही लॅबला उघडता येणारी थ्रीडी फाइल, बाहेर काढता येते का, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने जेवढा विचारायचा तेवढाच पैसे लावणाऱ्यानेही विचारायचा. ग्राहकाला कोंडून ठेवलंय म्हणजे तो टिकेल असं गुंतवणूकदारांना वाटतं, पण कोंडलेला डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला काय सांगतो ते कुठल्याच स्लाइडवर येत नाही.

आता जरा शांतपणे लिहितो. ज्याने डेक टाकलं तो मित्र चांगला आहे, आणि यंत्र बनवणारी मुलंही मन लावून काम करत असतील, सुईची भीती कमी करणारं काही खरंच आलं तर मला आनंदच आहे. नव्या कंपनीत पैसे घालूच नका असं मी म्हणत नाहीये. पण मित्रा, त्यांना सांग की वर्षभर यंत्र वापरलेल्या, कंपनीत स्वतःचे पैसे नसलेल्या दोन-तीन डेंटिस्टशी आपलं बोलणं करून द्या. आणि डॉक्टरशी बोलून झालं की फोन असिस्टंटकडे द्यायला सांग.