तो सोमवार अजून यायचाय

शेवटचा पेपर दिल्यावर आठ महिने मी घरी होतो. ‘सध्या काय चाललंय?’ असं कुणी विचारलं की ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. अर्जांची एक्सेल शीट केली होती, दोनशेच्या पुढे ती भरायचा कंटाळा आला. बहुतेकांनी नकाराचा मेलसुद्धा पाठवला नाही. एका ठिकाणी तीन राउंड झाले, ‘सोमवारी कळवतो’ म्हणाले. तो सोमवार अजून यायचाय.

आता गेली काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेल्या फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो. आणखी एक कोर्स कर, आणखी एक सर्टिफिकेट लाव, रोज पन्नास ठिकाणी अप्लाय कर, हा सल्ला आजही तसाच फिरतोय. मला तो पटत नाही. पोरं त्यात दमतात फक्त.

रिझ्युमेचं आधी उरकतो. दोन कॉलम, रंगीत पट्ट्या, ‘पायथॉन: पाचपैकी चार तारे’ हे सगळं काढून टाका. (चार तारे कोणी दिले, हे मला आजवर कळलेलं नाही.) बऱ्याच ठिकाणी तुमची पीडीएफ आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन कॉलमांचा मजकूर त्याच्याकडून एकमेकांत मिसळू शकतो. पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. तिथे खिचडी दिसली, तर पलीकडेही तीच जाण्याची शक्यता आहे. आणि जाहिरातीत ‘फ्रेशर हवा, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असं लिहिलेलं असलं तरी अर्ज करा. असल्या जाहिराती अनेकदा जुन्या जाहिरातीवरून कॉपी-पेस्ट केलेल्या असतात. मी स्वतः केल्यात.

खरा मुद्दा प्रोजेक्टचा. 2022च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्याआधी टुडू लिस्ट किंवा हवामानाचं ॲप दाखवलं तरी ‘चला, याने हात तरी घाण केलेत’ असं म्हणता यायचं. आता ते ॲप चहा गार व्हायच्या आत तयार होतं. त्यामुळे ॲप दिसतं कसं, हे मी बघतच नाही. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर कमिटची, म्हणजे कोडमधल्या एकेका बदलाच्या नोंदींची, हिस्टरी उघडतो. अनेकांच्या रेपोत (प्रोजेक्टच्या फोल्डरात) एकच कमिट असतो आणि त्याचा मेसेज असतो ‘फायनल’. 2005 साली लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने गिटहबच्या मुळाशी असलेलं गिट लिहिलं ते कोण, कधी, काय बदलतंय याचा माग राहावा म्हणून. आपण त्याचा पेन ड्राइव्ह करून टाकलाय.

मध्यंतरी एक मुलगी आली होती. मार्क बेताचे, सर्टिफिकेट एकही नाही. रोजचा खर्च लिहायचं साधं ॲप केलं होतं, दिसायलाही यथातथाच. पण तिचे कमिट वाचताना मी थांबलो. ‘तारीख चुकतेय.’ ‘तारीख अजून चुकतेय.’ ‘टाइमझोन!!!’ विचारलं, काय झालं होतं? तर रात्री बारानंतर टाकलेला खर्च आदल्या दिवसात जमा होत होता. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, तिचं घड्याळ त्याच्या काही तास पुढे, म्हणजे तिच्याकडे तारीख बदलली तरी सर्व्हरवर कालचाच दिवस चालू. दोन रात्री ती कोडमध्ये चूक शोधत राहिली. शेवटी दर ओळीत वेळ प्रिंट करून बघितली, तेव्हा सापडलं. हे सांगताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. असं सांगणं पाठ करून येत नाही.

डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) करू नका असं मी म्हणत नाही, कारण तो राउंड बऱ्याच ठिकाणी असतोच. पण नुसतं ‘बायनरी सर्च म्हणजे लॉग एन’ म्हणू नका. दहा लाख नोंदी क्रमाने लावलेल्या असतील तर दर वेळी उरलेल्यातल्या निम्म्या वगळत जास्तीत जास्त वीस तुलनांत काम होतं आणि क्रमच नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, एवढं साध्या भाषेत सांगा. अडलात तर ‘माहीत नाही, पण मी असं शोधेन’ म्हणा. आमच्या रोजच्या कामात तरी दुसरं काय असतं?

त्या मुलीलाही माझे दोन प्रश्न आले नाहीत. शेवटी रिवाजाप्रमाणे मी म्हटलं, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ बहुतेक जण इथे पगार नाहीतर वर्क फ्रॉम होम विचारतात, आणि त्यात काही गैर नाही. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही बॅकअप रिस्टोअर करून शेवटचं कधी बघितलं होतं?’

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या गिटहबसारख्याच कंपनीत चुकून चालू डेटाबेसच डिलीट झाला होता. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण ऐन वेळी बहुतेक निकामी निघाल्या आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी ते सगळं उघडपणे लिहून ठेवलंय. ते तिने वाचलं होतं.

मी शेजारच्या सहकाऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मग तो घसा खाकरून म्हणाला, ‘तुम्ही जॉइन कधी होऊ शकाल?’