संस्था चालवावी ती भिडेखातर

मुलांसाठी काहीतरी करायचं तुमच्या मनात आलंय, हे फार चांगलं झालं. शिबिर असो, क्रीडावर्ग असो, नाट्यगट असो की डोंगरभटक्यांचं मंडळ. स्वयंसेवक मिळाले, मुलं मिळाली, हॉलही मिळाला. आता कोणीतरी हमखास विचारणार, "मुलांच्या सुरक्षिततेचं काय?" गडबडून जाऊ नका. अर्धं आयुष्य समित्यांवर काढलेला माणूस म्हणून सांगतो, त्याला ना धोरण लागतं ना प्रशिक्षण. लागते ती फक्त भीड. ती मुबलक असली की बाकीचं आपोआप होतं.

सुरुवात अर्जापासून करू. 'यापूर्वी काम केलेल्या संस्था व त्यांचे दूरध्वनी क्रमांक' असा एक रकाना अर्जात असतो. तो जरूर ठेवा, अर्ज भारदस्त दिसतो. त्या क्रमांकावर फोन मात्र करू नका. माणूस फुकट राबायला आलाय, स्वतःचा रविवार देतोय, आणि आपण त्याची चौकशी लावायची? बरं दिसतं का ते? अगदी राहवलंच नाही, तर "कसा आहे हो माणूस?" एवढंच विचारावं. उत्तर "चांगला आहे" असंच येतं. "मुलांबरोबरच्या कामासाठी याला पुन्हा घ्याल का?" हे मात्र चुकूनही विचारू नये. त्यावर पलीकडचा माणूस कधीकधी क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्याची नोंद कुठे करायची, याला अर्जात रकाना नाही.

पोलिस पडताळणीचा दाखला मात्र घ्याच. तो एकदा फाइलला लागला की डोळे मिटून बसता येतं. त्या नोंदींत सापडतो तो आधी पकडला गेलेला माणूस. ज्याच्याबद्दल आजवर कोणी तोंडच उघडलं नाही, तो तिथे धुतल्या तांदळासारखा. आणि तोंड का उघडलं नाही? भिडेपोटी. म्हणजे आपल्यासारख्यांनीच पिकवलेली गप्प बसण्याची शेती सहीशिक्क्यासह दाखला होऊन आपल्याकडेच परत येते.

मग कोणीतरी शिकलेला पालक दोन मोठ्या माणसांचा नियम काढतो. कोणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड बसणार नाही, एकटा त्याला गाडीतून नेणार नाही, मुक्कामाला मोठ्यांची आणि मुलांची झोपायची सोय वेगळी असेल, मुलाशी खाजगी बोलायचं असेल तर ते दुसऱ्यांना ऐकू आलं नाही तरी दिसेल अशा जागी. पुष्कळ देशांतल्या युवक-संस्था हा नियम पाळतात, असंही तो सांगेल. तुम्ही दुखावल्यासारखा चेहरा करा आणि म्हणा, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" एवढं पुरतं. हा नियम सगळ्यांना सारखा लागला तर तो कोणालाच झोंबत नाही, कोणाकडे बोटही दाखवावं लागत नाही, हीच त्यातली अडचण. आपल्याला हवा असतो फक्त संशयितापुरता नियम. आणि संशय तर आपण कोणावरच घेत नाही. झालं, नियमाची गरजच उरली नाही.

आता बैठकीकडे वळू. खरी कला तिथे आहे.

विषयपत्रिकेवर जमाखर्च, पुढचं शिबिर आणि टीशर्टचा रंग. रंगावर पाऊण तास जातो. मग सगळे खुर्च्या मागे सरकवत असताना मागच्या रांगेतल्या बाई हात वर करतात. "तो दादा माझ्या मुलाला रात्री अकरानंतर मेसेज करतो. परवा मुलगा मोबाइल लपवायला लागला." खोलीत शांतता पसरते. या शांततेला घाबरू नका, ती तुमच्या बाजूची आहे. अध्यक्षांनी हसून म्हणावं, "अहो वहिनी, पोरांवर जीव आहे त्याचा." खजिनदारांनी जोड द्यावी, "तो नसता तर मागचं शिबिर झालंच नसतं." तिसऱ्याने घड्याळात पाहावं. बाई दोन वाक्यं आणखी बोलतात, मग आपणच काहीतरी भलतं बोलून बसलो असं वाटून पर्सची चेन लावत राहतात. इतिवृत्तात लिहा : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी आलेला विषय. किरकोळ गैरसमज, चर्चेअंती दूर झाला.' मेसेज काय होते, किती होते, ते कोणी पाहिले का, असल्या तपशिलांनी इतिवृत्त विद्रूप होतं. मुलांना जायचा प्रत्येक मेसेज पालक किंवा दुसरा स्वयंसेवक असलेल्या गटातच जाईल, असा एका ओळीचा ठराव त्या रात्री करता आला असता, हे मनातसुद्धा आणू नका. टीशर्टचा रंग राहून गेला असता.

'पोरांवर जीव आहे' हे वाक्य पाठच करून ठेवा. असला माणूस आधी मुलाला नव्हे, मोठ्यांना जिंकतो. सतरंज्या उचलतो, हिशेब चोख ठेवतो, कोणाच्या मुलाला घरी सोडायचं असेल तर सगळ्यांच्या आधी "मी सोडतो" म्हणतो. असं करणारे बहुतेक लोक खरंच भले असतात, म्हणूनच तर त्यांच्यात मिसळून जाणं इतकं सोपं जातं. तुम्ही मात्र अनोळखी, दाढीवाला, झुडपाआडचा इसम डोळ्यांसमोर ठेवून पहारा द्या. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा त्यांच्या ओळखीचाच निघतो. पण झुडपावर लक्ष ठेवायला भीड आड येत नाही.

कागदपत्रांची हौस असेल तर अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सचा कित्ता गिरवा. मुलांच्या कामाला अपात्र ठरवलेल्या स्वयंसेवकांच्या गोपनीय फाइली त्यांनी अनेक दशकं निगुतीने जपल्या. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1965 ते 1985 या काळातल्या बाराशेहून अधिक फाइली उघड झाल्या. पोलिसांना कळवलंच नाही, माणसाला गुपचूप जाऊ दिलं, अशी प्रकरणं त्यांत पुष्कळ निघाली. फाइल ठेवली, कुलूप लावलं, संस्थेचं नाव वाचलं. 2020 च्या फेब्रुवारीत संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा 82,000 हून अधिक लोकांनी दावे दाखल केले आणि भरपाईची योजना 246 कोटी डॉलरवर गेली. पण तोवर बऱ्याच पदाधिकाऱ्यांची मुदत संपली होती.

मुदतीवरून आठवलं. मूल लगेच बोलेल, ही भीती काढून टाका. ऑस्ट्रेलियात 2013 ते 2017 या काळात एका शाही आयोगाने संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली. आयोगाशी खाजगीत बोललेल्या पीडितांना झाला प्रकार कोणालातरी सांगायला सरासरी 23.9 वर्षं लागली होती. समितीची मुदत असते तीन वर्षांची. गणित तुमच्या बाजूने आहे.

तरीही एखादं मूल बोललंच, तर त्याला कार्यालयात बोलवा. टेबलापलीकडे चार जण बसा. तेच पाच वेळा विचारा, पाचव्या वेळी एखादा शब्द इकडेतिकडे होतोच, तो पकडा. "नक्की ना? एवढ्या चांगल्या माणसाचं आयुष्य बरबाद होईल हं." मग त्या दादालाही आत बोलवून समोरासमोर करा. शांतपणे ऐकून घेणं, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणणं, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून त्याच दिवशी पोलिसांना कळवणं, हे सगळं घाईचं लक्षण. आधी अंतर्गत चौकशी, चौकशीसाठी उपसमिती, उपसमितीत दादाचा जिवलग मित्र. (एका उपसमितीवर मीही होतो. चहा फार छान होता.)

भारतात असाल तर कायदा जरा आडमुठा आहे. 2012 चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, पुराव्यांची जुळवाजुळव करायला सांगत नाही. असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली तरी कळवा, म्हणतो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. कायदा करणाऱ्यांना भीड म्हणून नाही.

तेव्हा उत्तम मार्ग म्हणजे निरोप. दादाला बाजूला घ्या, "सध्या वातावरण ठीक नाही, तूच थांबलास तर बरं" म्हणा. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहून घ्या. आणि इतकी वर्षं राबलाय, रिकाम्या हाताने कसा पाठवायचा? लेटरहेडवर चार ओळी द्या : 'यांनी आमच्या संस्थेत निःस्वार्थ भावनेने सेवा केली. स्वभावाने मनमिळाऊ. मुलांमध्ये विशेष लोकप्रिय. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

पुढच्याच महिन्यात तुमच्याकडे एक रिकामी जागा असेल आणि टेबलावर एका नव्या स्वयंसेवकाचा अर्ज. सोबत भलत्याच संस्थेच्या लेटरहेडवर चार ओळी. निःस्वार्थ भावनेने सेवा. स्वभावाने मनमिळाऊ. तिसरी ओळ वाचताना हात आपोआप फोनकडे जाईल. क्रमांक रकान्यात लिहिलेला आहेच. पण रविवार तोंडावर आलाय, हॉलची किल्ली कोणाकडे तरी द्यायला हवी, आणि माणूस बाहेर बाकावर बसून वाट पाहतोय. बरं दिसतं का ते?