तिसऱ्या फळीतला मल्होत्रा

४ जून २०११. व्हँकूव्हरला येऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. ऑफिसातल्या मंडळींनी मॅच बघायला एका बारमध्ये ओढत नेलं. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ध्यानचंद. इथं चिलखत घातलेले दांडगे बर्फावरून घसरत येऊन एकमेकांना कडेच्या भिंतीवर आपटत होते, आणि ज्यासाठी ही सगळी धुमश्चक्री चालली होती ती काळी रबरी चकती, म्हणजे पक, मला एकदाही दिसली नव्हती. मध्येच पूर्ण चेहरा झाकलेला एक खेळाडू उतरला आणि अख्खं स्टेडियम "मॅनी, मॅनी" ओरडायला लागलं. बारमधले लोक उभे राहिले. स्क्रीनवर त्याची पाठ दिसली. जर्सीवर नाव होतं मल्होत्रा.

"पंजाबी?" मी शेजारच्याला विचारलं.

"सेंटर," त्याने खेळायची जागा सांगितली.

मॅनी मल्होत्रा. जन्म १९८०, टोरांटोजवळच्या मिसिसागाचा. वडील पंजाबी, रसायनशास्त्रातले संशोधक. आई क्वेबेकची, फ्रेंच बोलणारी. १६ मार्च २०११ ला त्याच्या डाव्या डोळ्यावर पक आदळला. शस्त्रक्रिया झाल्या, आता हा मोसम संपला असं व्हँकूव्हरच्या संघानेच जाहीर केलं. आणि अडीच महिन्यांनी हा स्टॅन्ली कपच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हॉकी लीगच्या, अंतिम फेरीत उभा! त्या डोळ्याची दृष्टी बरीचशी गेली ती गेलीच.

आमच्या गावाकडे ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की चुलतभाऊ आता "आला तुझा एकडोळ्या" म्हणतो. पण मला भिडते ती त्या रात्रीची शौर्यकथा नाही, तिच्या मागची-पुढची साधी कारकीर्द.

अठराव्या वर्षी, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर उचललं. सातवा म्हणजे उद्याचा तारा. दुसऱ्या मोसमात २७ सामने, गोल शून्य. मग डॅलसला रवानगी. डॅलसने २००३ मध्ये त्याला मोकळं सोडलं आणि कोलंबसने फुकटात उचललं. फॉरवर्ड म्हणजे गोल करणारा. हा गोल करीत नव्हता. तिथं त्याने स्वतःसाठी दुसरं काम शोधलं. खेळ थांबला की पंच दोघांच्या मध्ये पक टाकतो, तो फेस-ऑफ. पाव सेकंदाचा मामला, मनगट आणि डोळा. व्हँकूव्हरच्या त्या मोसमात दहापैकी सहाहून जास्त फेस-ऑफ त्याने जिंकले. तिसऱ्या फळीत खेळायचं, आपल्या गोलपाशी अडचण झाली की उतरायचं, पक आपल्याकडे वळवायचा आणि बाकावर परत. टाळ्या दुसऱ्याला.

२०१३ मध्ये व्हँकूव्हरने त्याला स्वतःहून बसवलं: बाजूने येणारा माणूस दिसत नाही, उद्या काही बरंवाईट झालं तर? तो शार्लटच्या दुय्यम संघाकडे चाचणीवर गेला, तिथून कॅरोलायना, मग माँट्रियल, शेवटचा मोसम पुन्हा दुय्यम लीगमध्ये. मोठ्या लीगमधले एकूण सामने ९९१, गोल ११६. हजार सामने झाले की या लीगमध्ये चांदीची स्टिक देतात. नऊ कमी पडले.

आता हे मी मराठीत का लिहितोय? २०२४ मध्ये आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली होती. नेमबाज स्वप्निल कुसाळेंनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं, राज्याने दोन कोटी दिले, त्यांचे वडील म्हणाले हरियाणात पाच कोटी मिळतात. निम्मा ग्रुप वडिलांच्या बाजूने, निम्मा "किती हाव" म्हणणारा. माझं मत वडिलांच्या बाजूने आहे, पण तो वाद जिंकणाऱ्याचा आहे. जो जिंकत नाही त्याच्याबद्दल आपल्याकडे वादसुद्धा होत नाही.

त्याच चुलतभावाचा मुलगा कोल्हापूरला तालमीत होता. दूध, बदाम, तूप. खुराकापायी एक एकर गेलं. तेविसाव्या वर्षी गुडघा गेला. बारावीनंतर शिक्षण नाही, कारण वस्तादांचं म्हणणं, परतीची वाट ठेवली की पोरगं जीव तोडून लढत नाही.

इथली पोरंही सोळाव्या वर्षी घर सोडतात, अनोळखी कुटुंबात राहतात, थंडीत रात्र-रात्र बसने प्रवास करतात. तालीमच ती. मोठ्या लीगपर्यंत पोचणारे इथंही मोजकेच. फरक करारात आहे. ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे विद्यापीठाच्या एका वर्षाची फी संघाकडून मिळते. मुदतीच्या अटी आहेत, तरीही. आमच्या गल्लीतला एक मुलगा तीन मोसम खेळला, ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नाही, आता तीन वर्षांच्या फीवर सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतोय. म्हणजे तुमच्यातले बहुतेक जण पडणार हे लीगला आधीच ठाऊक आहे आणि तिने ते कागदावर लिहून ठेवलंय.

कॅनडाची आरती ओवाळत नाही मी. स्केट्स, रिंकचं भाडं, पहाटे पाचचा सराव: हा खेळ आता खिसा असलेल्यांचा झाला आहे. ज्युनियर खेळाडूंना किमान वेतनासाठी कोर्टात जावं लागलं. पोरांच्या नोंदणीचे पैसे देशाच्या हॉकी संघटनेने लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी मिटवायला वापरले, हे २०२२ मध्ये उघड झालं तेव्हा देशाची मान खाली गेली. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होते म्हणून नेम धरू शकले. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. (त्या जागांवर बोगस प्रमाणपत्रं घेऊन कोण-कोण बसले, ते पेपरात वाचलंच असेल.) पण ही सगळी दारं ज्याने आधी काही मिळवलंय त्याला उघडतात. गुडघा गेलेल्याला नाही.

वस्तादांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण मल्होत्राचं घर बघा. संशोधक बापाच्या घरात खाली जाळी लावलेलीच होती, आणि तरी पोरगं एका डोळ्याने फायनल खेळलं. परतीची वाट असली म्हणून त्याने काय कमी जीव तोडला? आपल्याकडे ती जाळी घरोघरी ज्याची त्याने विणायची, एकर विकून. संघाने, तालमीने, आखाड्याला पैसे देणाऱ्या साखर कारखान्याने आणि सरकारने ती विणावी, इतकंच म्हणणं आहे. खेळलेल्या वर्षामागे शिक्षणाचं एक वर्ष. दोन कोटींत किती पोरांची फी भरेल याचा हिशोब मी ग्रुपवर टाकला, तर "बाहेर बसून बोलायला सोपं" असं उत्तर आलं. खरंच आहे ते.

गेल्या दिवाळीत भावाचा फोन आला. पोरगं आता शेजारच्या गावात लहान मुलांना डाव शिकवतं, बाहेरून बी.ए.ला नाव घातलंय. बोलता बोलता त्याने विचारलं, "तुझ्या त्या मल्होत्राला शेवटी गदा मिळाली का रे?"

नाही, म्हटलं. २०११ ची फायनल सातव्या, निर्णायक सामन्यात हातची गेली. पुढे तो प्रशिक्षक झाला. इथून तासाभरावर ॲबट्सफर्ड आहे, निम्मं गाव पंजाबी बोलतं असं वाटावं, तिथल्या दुय्यम संघाने २०२५ मध्ये त्याच्या हाताखाली दुय्यम लीगचा कॅल्डर कप जिंकला. फायनलमध्ये हरवलं कुणाला, तर शार्लटला. तो चाचणीला गेला होता तेच.

"म्हणजे वस्ताद झाल्यावर," भाऊ म्हणाला. मग पोराला हाक मारून फोन त्याच्या हातात दिला.